वाफसा : थांबण्याचा एक पाठ



या महिन्याच्या पाठासाठी शेतातला एक शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. कोणी वापसा असेही म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर जमीन पुन्हा नांगराला आणि पेरणीला लायक होते, त्या अवस्थेचे हे नाव. चिखल ओसरलेला असतो, पण ओल गेलेली नसते. ती वेळ साधली तर पीक साधले. तिच्या आधी जमिनीला हात घातला तर नुकसान, आणि ती टळून गेल्यावर घातला तरी नुकसानच.

म्हणजे वाफसा येईपर्यंत शेतकऱ्याला थांबावे लागते. हे थांबणे कसे करावे, त्या काळात काय करावे आणि काय करू नये, हा आजचा विषय. पोथी सोडून आम्हाला शेतात कशाला नेता, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की आपल्या संप्रदायाने शेत आणि पोथी यांच्यामध्ये कधी बांध घातला नाही. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत होते आणि तिथेच त्यांना देव भेटला, हे आपण सर्व जाणतो. तेव्हा पाय चिखलात गेले तरी कोणी संकोच मानू नये.

1. रेवदंड्याची गोष्ट

आमचे घर रेवदंड्याला, अलिबाग तालुक्यात. एका अंगाला कुंडलिकेची खाडी समुद्राला मिळते, दुसऱ्या अंगाला चौल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांच्या मागे भाताची खाचरे. आमचीही एक लहान वाडी आहे आणि तिच्यामागे तीन खाचरे आहेत.

कार्तिकात भात कापून झाले की त्याच जमिनीत कडवा वाल पेरायचा, ही इकडची रीत. वालाला कोणी पाणी देत नाही. भाताने मागे ठेवलेली अंगओल आणि रात्रीचे दव एवढ्यावर तो वाढतो. कार्तिकाच्या शेवटी किंवा मार्गशीर्षाच्या आरंभी पेरला की पौष-माघात शेंगा भरतात. मग शेतात पोपटी लागते, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेंगा भाजतात, आणि फाल्गुनात वाल घरात येतो. वर्षभराचे बिरडे त्यातूनच होते, उरलेला विकून चार पैसे मिळतात.

सन 2021 साली आमच्या घराला या चार पैशांची गरज नेहमीपेक्षा जास्त होती. आदल्या वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी मोडून गेले. पोफळ लावल्यावर धरायला सहा-सात वर्षे तरी जातात. म्हणजे वाडीचे उत्पन्न इतकी वर्षे निम्म्यावर आले असे धरूनच चालावे लागले. भात घरच्या पोटापुरते. मुलीची शाळा, औषधपाणी आणि मीठमिरची यांचा भार वालावर होता.

माझ्या वडिलांचा, म्हणजे बाबांचा, आळंदीचा नेम आहे. आम्हां कोकणातल्या माळकऱ्यांना आषाढीला जाणे कठीण पडते, कारण तेव्हा लावणीची घाई असते. म्हणून इकडून कार्तिकी आणि माघीला माणूस अधिक जातो. बाबा कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठीत आणि त्रयोदशीचा माउलींचा समाधीदिन करून परत येत. सन 2020 साली महामारीमुळे यात्रेवर बंधने होती, म्हणून त्यांना जाता आले नव्हते. त्यामुळे 2021 ची त्यांना फार ओढ होती. माउलींनी शके 1218 मध्ये, म्हणजे सन 1296 मध्ये समाधी घेतली. त्याला त्या वर्षी सव्वासातशे वर्षे होत होती. एकादशी 30 नोव्हेंबरला आणि त्रयोदशी 2 डिसेंबरला होती. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून गाडी ठरवली होती आणि 29 तारखेला सकाळी निघायचे होते.

पण त्या नोव्हेंबरात मधूनमधून पाऊस येतच राहिला. कापणी रखडली, खाचरे वाळेनात. त्यात हवामान खात्याने डिसेंबरच्या तोंडावर पुन्हा पावसाचा इशारा दिला.

28 तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघे बांधावर उभे होतो. मी म्हणालो, "बाबा, उद्या पॉवर टिलर मिळतोय. फिरवून वाल टाकून घेतो. पाऊस आला तर आला, उलट ओल मिळेल. तुम्ही निर्धास्त आळंदीला जा."

बाबा वाकले. त्यांनी बोटांनी वीतभर खोल माती काढली, मुठीत दाबून तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. लाडू फुटला नाही. भाकरीसारखा चपटा होऊन बसला.

"हा फुटायला पायजे होता," ते म्हणाले. "जमीन नको म्हणतेय."

"पण टिलर परत आठ-दहा दिवस मिळायचा नाही."

"टिलर आपल्या सोयीनं येतो, वाफसा त्याच्या वेळेनं. कुणाचं ऐकायचं ते तू बघ."

मी मुकाट्याने परतलो, पण मनातून पटले नव्हते. शेजारच्या खाचरात त्याच दिवशी टिलर फिरला आणि वाल पडलासुद्धा. त्या शेजाऱ्याला मी दोष देत नाही. त्याचा मुलगा मुंबईला नोकरीला, दोनच दिवसांच्या रजेवर आलेला. घरात दुसरा हात नव्हता. त्याला थांबणे परवडणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी दारात आली. बाबा पताका घेऊन बाहेर आले, ती त्यांनी बरोबरच्या माळकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "माउलींना माझा नमस्कार सांगा. शेतात पाणी येतंय, ते काढून मग येतो." गाडी गेली. मला काय बोलावे ते सुचेना.

1 डिसेंबरला पाऊस आला तो दिवसभर. अरबी समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा आणि उत्तरेकडून आलेला पश्चिमी झंझावात यांची गाठ पडली होती, असे हवामानाचे जाणकार सांगत होते. आषाढातला पाऊस उबदार असतो, त्यात भिजले तरी माणूस काम करीत राहतो. हा पाऊस हाडे गोठवणारा होता. भर दुपारी अंगात घोंगडी घेऊन बसावे असा गारठा. घाटावर पुणे जिल्ह्यात त्या थंडी-पावसाने कितीतरी मेंढ्या दगावल्या. समुद्र करडा, आभाळ करडे आणि खाचरे पुन्हा पाण्याने भरलेली. आमचे थांबणे त्या दिवसापासून सुरू झाले.

2. वाफसा म्हणजे नक्की काय

पुढे जाण्यापूर्वी हा शब्द नीट समजून घेऊ, कारण दृष्टांत समजायचा तर आधी वस्तू समजली पाहिजे.

माती आपल्याला भरीव दिसते, पण ती तशी नाही. तिच्या कणांमध्ये बारीक-बारीक पोकळ्या असतात. चांगल्या जमिनीत साधारण निम्मी जागा मातीची आणि निम्मी पोकळीची असते. त्या पोकळीत काही पाणी आणि काही हवा असते. बीज रुजायला दोन्ही लागतात. मूळ पाणी पिते तसे ते श्वासही घेते. पाऊस जोराचा झाला की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा बाहेर ढकलली जाते. अशा जमिनीत पडलेला वाल फुगतो, पण उगवत नाही. तो गुदमरतो आणि कुजतो. वालाच्या मुळांवर ज्या बारीक गाठी येतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र घेऊन पिकाला देतात. त्यांनाही हवेवाचून काम करता येत नाही.

दुसरी गोष्ट. ओल्या जमिनीत नांगर किंवा टिलर घातला की मातीच्या पोकळ्या लिंपल्या जातात. पुढे ऊन पडले की तीच माती विटेसारखी कडक होते. मग ढेकळे फुटत नाहीत आणि कोंब वर येत नाही. एका दिवसाची घाई साऱ्या हंगामाला नडते.

इथे कोणी भातशेतकरी विचारील की आषाढात आम्ही मुद्दाम चिखल करतो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. भाताचे रोप आपल्या दांड्यातून मुळांपर्यंत हवा नेते, म्हणून ते उभ्या पाण्यात जगते. त्याला चिखल मानवतो, आणि चिखलणी केल्याने पाणी खाचरात टिकते. तेव्हा खाचर एकच आणि चिखलही एकच. आषाढात जो गुण ठरतो तोच कार्तिकात दोष ठरतो. माती चांगली की वाईट हे विचारण्याआधी काळ कोणता आणि बीज कोणते हे विचारावे लागते. संसारातल्या कितीतरी गोष्टींना हेच माप लागते, पण तो विचार वाचकांनी आपल्या घरी करावा.

चिखलणी झालेल्या खाचराची आणखी एक खोड आहे. ते वाळताना सावकाश वाळते, आणि एकदा वाळायला लागले की भराभर कडक होते. म्हणून अशा जमिनीचा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. माझी चूक इथेच झाली, ती पुढे सांगतो.

3. थांबण्यातली कामे

थांबायचे म्हणजे पडवीत घोंगडी पांघरून बसायचे, असा माझा समज होता. बाबांनी तो पहिल्याच दिवशी मोडला.

सकाळी पाऊस रिमझिम होता तेवढ्यात आम्ही भाताच्या उडवीवर आणखी पेंढा टाकून वर ताडपत्री बांधली. उडवीच्या आत पाणी शिरले असते तर दाणा तापून काळा पडला असता. अंगणात सुपारी वाळत होती. सुपारीला वाळायला महिना-दीड महिना ऊन लागते आणि मधेच भिजली तर बुरशी धरते. ती सगळी भरून माळ्यावर पसरली आणि रोज हाताने परतत राहिलो. गुरांना ओला पेंढा घातला तर त्यांची पोटे बिघडतात, म्हणून कोरडा वेगळा काढून ठेवला. गोठ्यात गवत पसरून जमीन कोरडी ठेवली.

दुपारनंतर खाचरात उतरलो. भाताच्या वेळी पाणी कोंडण्यासाठी ज्या मोऱ्या बुजवल्या होत्या, त्या सगळ्या उघडल्या. मग प्रत्येक खाचरात बांधाच्या कडेने आणि मधून फावड्याने चर काढले, म्हणजे साचलेले पाणी वाहून जाईल. हे करताना एक पथ्य पाळायचे : पाय चराच्या ओळीतच ठेवायचा, बाकी खाचर तुडवायचे नाही. ओली जमीन पायाखालीसुद्धा दबते. पावसाला आपण थोपवू शकत नाही, पण पडलेल्या पाण्याला वाट करून देऊ शकतो. आमचे दोन दिवस त्यातच गेले.

त्रयोदशीच्या दिवशी, 2 डिसेंबरला, पाऊस ओसरला होता, गारठा मात्र तसाच होता. आळंदीला त्या वेळी समाधीसोहळ्याचे कीर्तन चालू असेल असा विचार माझ्या मनात आला. बाबा पोटरीभर पाण्यात चर काढीत होते. वयाची सत्तरी उलटलेली, ओठ निळे पडलेले. दुपार झाली तसे त्यांनी फावडे बांधाला टेकवले, पंढरीच्या दिशेला तोंड करून हात जोडले, क्षणभर उभे राहिले आणि पुन्हा फावडे उचलले. मी काही विचारले नाही.

संध्याकाळी चुलीपुढे बसून आम्ही वाल निवडला. किडका, फुटका, हलका दाणा बाजूला केला. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले, म्हणजे शंभरांतले किती उगवतात ते कळावे. मग हरिपाठ झाला. अशा रीतीने दिवस भरगच्च गेले, आणि तरीही ज्याला पेरणी म्हणतात ते काम मात्र थांबलेलेच होते.

यातून पहिला धडा हा की थांबलेले असते ते एकच काम. त्याच्या भोवतीची दहा कामे आपली वाट पाहत असतात. ती करीत राहिले तर थांबण्याचा भार वाटत नाही. जो सगळेच टाकून आभाळाकडे बघत बसतो, त्याला दिवस जाता जात नाही, आणि मग तो उतावळा होऊन नको त्या वेळी नांगर जुंपतो.

4. दोन चुका

3 डिसेंबरपासून बाबांचा क्रम ठरला. रोज सकाळी तिन्ही खाचरांत जायचे, वीतभर खोल माती काढायची, लाडू वळून सोडायचा. पहिले चार दिवस लाडू बसला. पाचव्या दिवशी कडा तडकल्या. सातव्या दिवशी वरच्या खाचरातला लाडू जमिनीवर पडताच चार-सहा तुकड्यांनी फुटला. तळपायाला माती चिकटेना. त्या दिवशी टिलर नव्हता, म्हणून ओळखीच्या एका घरची बैलजोडी मागून आणली आणि वरचे खाचर पेरले. दोन दिवसांनी मधले पेरले. राहिले खालचे खाचर. ते खोलगट, तिथे वाफसा उशिरा येणार हे ठाऊकच होते.

याच सुमारास शेजाऱ्याच्या खाचरातली गोष्ट कळली. 28 तारखेला टाकलेला वाल तुरळकच उगवला होता. माती उकरून पाहिली तर दाणे मऊ होऊन कुजलेले. बियाणे गेले, टिलरचे भाडे गेले, आणि जमीन लिंपून कडक व्हायला लागली. ही झाली पहिली चूक, घाईची. ती दिसायला मोठी असते आणि लोक तिला नावे ठेवतात.

दुसरी चूक माझी. ती घरातसुद्धा कोणाच्या लक्षात आली नसती. दोन खाचरे साधली म्हणून मी निश्चिंत झालो. बाबांना त्या गारठ्याने खोकला धरला होता. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही आता घरात बसा, खालचं मी बघतो." एक दिवस पाहिले, लाडू बसला. मग मार्गशीर्षातले एक लग्न आले. पनवेलला गेलो, तिथे तीन दिवस मोडले. आल्यावर आणखी एक दिवस, "आज दमलोय, उद्या बघू," म्हणून गेला. पाचव्या दिवशी खाचरात गेलो तर माती हाताने निघेना. लाडू वळलाच नाही, नुसता चुरा झाला. वरचा थर तडकून भेगा पडल्या होत्या. वाफसा येऊन गेला होता आणि मी घरी नव्हतो.

तरी पेरले. ढेकळांत वाल पडला, उगवला तो विरळ, आणि त्या खाचराने आम्हाला नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही दिले नाही. बाबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "वाट बघणं आणि विसरून जाणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात रे."

हे वाक्य मी गाठीला बांधले आहे. घाई करणाऱ्याला निदान कळते की आपण घाई केली. आळशी माणसाला मात्र आपण धीर धरून आहोत असेच वाटत राहते. 'देवाच्या मनात असेल तेव्हा होईल' हे वचन खरेच आहे, पण रोज सकाळी माती हातात घेऊन पाहणाऱ्याच्या तोंडीच ते शोभते. खाचराकडे न फिरकणाऱ्याने ते म्हणणे म्हणजे आपला आळस देवाच्या नावावर टाकणे होय.

शेजाऱ्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे निवडलेल्या वालातला काही शिल्लक होता. बाबांनी तो पायली-दीड पायली त्याच्या घरी नेऊन दिला आणि वाफसा आला त्या दिवशी मला बैलांसकट त्याच्या खाचरात पाठवले. "त्याला थांबायला माणूस नव्हतं, आपल्याला होतं," असे ते म्हणाले. धीर हा गुण खरा, पण धीर धरायलाही घरात थोडे धान्य आणि दोन जास्तीचे हात लागतात. ज्याच्याजवळ ते आहेत त्याने दुसऱ्याच्या घाईला हसू नये, त्याच्या बांधावर जावे.

5. नेमाचा प्रश्न

आता वाचकांच्या मनात जो प्रश्न असेल त्याकडे येऊ. बाबांनी आळंदीचा नेम चुकवला, हे योग्य की अयोग्य?

आळंदीहून मंडळी परत आली तेव्हा एकाने त्यांना हे सरळ विचारले. बाबा म्हणाले, "नेम मोडला हे खरं. मला वाईट वाटलं हेही खरं. पण पाण्यात बुडालेलं शेत आणि एकटं पोर टाकून गेलो असतो, तर तिथं टाळ वाजवताना माझं मन इथल्या मोरीत अडकलं असतं. माउलींपुढे अर्धा माणूस घेऊन कसा जाणार?" पौषातल्या एकादशीला ते आळंदीला जाऊन आले. तेव्हा वाल दोन-दोन पानांवर आला होता.

यावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की शेतात काम असले की वारी सोडावी. काम कोणाला नसते? तसे म्हटले तर कोणाचीच वारी घडणार नाही. बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्या. एक, घरी राहिल्यावर त्यांनी एक घटकासुद्धा वाया घालवली नाही. दुसरी, राहिलेली वारी त्यांनी संधी मिळताच पुरी केली. जो या दोन्ही गोष्टी करील त्यालाच हे उदाहरण लागू.

आणि थांबण्याची थोरवी आपल्याला पंढरीतच शिकायला मिळते. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दारी आला. पुंडलिकाने हातातले काम टाकले नाही आणि देवाला परतही लावले नाही. त्याने वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. पावसाने भोवताली चिखल झाला होता म्हणून उभे राहायला वीट दिली, असे कथा सांगणारे सांगतात. म्हणजे देवालासुद्धा चिखलातच थांबावे लागले. तो कसा थांबला, हे मूर्तीकडे पाहून कळते. तो बसला नाही, टेकला नाही, आडवा झाला नाही. कमरेवर हात ठेवून, समोर दृष्टी लावून, उभा राहिला. अठ्ठावीस युगे झाली, अजून उभा आहे.

मूर्तीचे हे रूप लहानपणापासून मी पाहत आलो, पण ते थांबण्याचे रूप आहे हे मला त्या डिसेंबरात उमगले. जो उभा आहे तो हाक येताच पाऊल उचलू शकतो. बसलेल्याला आधी उठावे लागते. खालच्या खाचराच्या बाबतीत मी बसलो होतो, एवढेच.

6. पुढच्या दिवसांसाठी

हा पाठ आता का लिहिला, तेही सांगतो. पूर्वी आमच्या किनाऱ्यावर दसऱ्या-दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ असायचे, असे जुनी माणसे म्हणतात. आता तसे खात्रीने सांगता येत नाही. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ अलिबाग-मुंबईच्या किनाऱ्याला आले तेव्हा कापलेले भात शेतातच भिजले. 2020 साली निसर्ग झाले, 2021 च्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हा थंड पाऊस आला. अरबी समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा तापले आहे आणि त्यामुळे त्यावर वादळे वाढली आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा अवेळी पाऊस येणार आणि आपल्याला थांबावे लागणार, हे धरूनच चालावे.

म्हणून शेतकरी बंधूंना चार गोष्टी सुचवाव्या वाटतात. भात कापताच मोऱ्या उघडून चर काढून ठेवावे, पाऊस येण्याची वाट पाहू नये. हवामान खात्याचा अंदाज रोज ऐकावा. सगळे बियाणे एकाच दिवशी टाकू नये, थोडे दुबार पेरणीसाठी मागे ठेवावे. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणासाठी वालाच्या ज्या जाती काढल्या आहेत, त्यांची माहिती घ्यावी. अलिबाग तालुक्यात जे पांढरा कांदा लावतात, त्यांनाही हेच लागू. कांद्याचे रोप तर साचलेल्या पाण्याला वालाहूनही लवकर कंटाळते.

आणि जे शेतकरी नाहीत त्यांच्यासाठी एवढेच. आजारी माणसाच्या उशाशी बसलेले, मुलाच्या नोकरीची आस लावून असलेले, भावाभावांतला अबोला सुटण्याची वाट पाहणारे, असे सगळेच कोणत्या ना कोणत्या वाफशासाठी थांबलेले असतात. त्यांनी ओल्या जमिनीत नांगर घालू नये. पाण्याला वाट करून द्यावी. बियाणे निवडून ठेवावे. आणि रोज सकाळी एकदा माती हातात घेऊन पाहावी.

सप्ताहात किंवा घरी विचार करण्यासाठी प्रश्न

1. आषाढातला चिखल आणि कार्तिकातला चिखल यांत फरक कशाने पडतो? आपल्या घरातली अशी एखादी गोष्ट सांगा, जी एका वेळी गुण आणि दुसऱ्या वेळी दोष ठरली.

2. आपण सध्या कशासाठी थांबलो आहोत? त्या थांबण्यात हाताशी असलेली कोणती कामे राहून गेली आहेत?

3. आपले थांबणे उभे राहून चालले आहे की बसून? हे कशावरून ओळखावे?

4. आपल्या शेजारी कोणाला थांबणे परवडत नाही? त्याच्यासाठी आपल्याकडे काय शिल्लक आहे?

पांडुरंग आपणा सर्वांना धीर देवो, आणि धीराबरोबर जागही देवो.

रामकृष्णहरि.